डॉक्टरांनी इटलीला जा म्हणून सांगितलं, वडिलांनी नकार दिला. मग तिने गुपचूप लग्न केलं आणि १५ वर्षं युरोप पाहिला

१८४५ सालची गोष्ट. लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर, ५० नंबरच्या घरात एलिझाबेथ बॅरेट नावाची ३९ वर्षांची कवयित्री राहायची. तिचं नाव इंग्लंडच नाही, तर अमेरिकेतही पोचलं होतं. ती स्वतः मात्र वर्षानुवर्षं आपल्या खोलीतून फारशी बाहेर पडली नव्हती. फुप्फुसं कमजोर, अंगात ताकद नाही आणि रोज अफूचं औषध.

लंडनचा हिवाळा हिला झेपणार नाही, इटलीतल्या पिसाला न्या, असं डॉक्टरांनी सुचवलं. वडिलांनी ते होऊ दिलं नाही.

पुढच्याच वर्षी ती पिसाला पोचली. सोबत नवरा होता, मोलकरीण होती आणि फ्लश नावाचा लाडका कुत्रा होता. मधल्या काळात नेमकं काय घडलं?

वडिलांचा नियम

एलिझाबेथचे वडील एडवर्ड बॅरेट. घराण्याचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या कष्टाचा. या वडिलांचा एक अजब नियम होता. आपल्या कोणत्याही मुलाने किंवा मुलीने लग्न करायचं नाही. कारण विचारायची सोय नव्हती.

एलिझाबेथच्या मनावर आणखी एक ओझं होतं. १८३८ साली तब्येतीसाठी तिला टॉर्की या समुद्रकाठच्या गावी पाठवलं होतं. सर्वांत लाडक्या भावाला तिने हट्टाने तिथे थांबवून घेतलं. १८४० च्या जुलैमध्ये शिडाची बोट बुडून तो गेला. हे आपल्यामुळे झालं, असं तिने धरूनच ठेवलं. पुढच्या वर्षी ती लंडनला परतली आणि खोलीतच राहिली.

पाचशेहून जास्त पत्रं आणि एक गुपित

१८४४ साली तिचा कवितासंग्रह आला. तो वाचून जानेवारी १८४५ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग या कवीने तिला पत्र लिहिलं. तो तिच्यापेक्षा ६ वर्षांनी लहान. पहिली भेट व्हायला मे महिना उजाडला. तोवर आणि त्यानंतरही पत्रं सुरूच राहिली, दोघांची मिळून पाचशेहून जास्त.

१२ सप्टेंबर १८४६ ला दोघांनी सेंट मॅरिलबोन चर्चमध्ये गुपचूप लग्न केलं. त्यानंतर एलिझाबेथ चक्क माहेरी परत गेली आणि काही घडलंच नाही अशी आठवडाभर राहिली. १९ सप्टेंबरला मात्र तिने घर सोडलं, ते कायमचं.

प्रवास इतका सावकाश का?

साउदॅम्प्टनहून रात्रीच्या बोटीने फ्रान्समधलं ल हाव्र बंदर. तिथून पॅरिस. पॅरिसमध्ये विश्रांती. मग टप्प्याटप्प्याने दक्षिणेला मार्सेय, तिथून समुद्रमार्गे इटलीतलं जिनोव्हा आणि लिव्होर्नो. ऑक्टोबरच्या मध्यावर ते पिसात पोचले. लंडन सोडून महिना होत आला होता.

हा निवांतपणा हौसेचा नव्हता. एलिझाबेथला दम लागला की थांबायचं, बरं वाटलं की निघायचं, असा हिशोब होता. पुढे १८५३ साली फ्लोरेन्स ते रोम या प्रवासाला घोडागाडीने आठ दिवस लागले. पण त्या आठ दिवसांत त्यांनी असिसीचं चर्च पाहिलं, तेर्नीचा धबधबा पाहिला.

पिसात सहा महिने काढून १८४७ च्या वसंतात दोघं फ्लोरेन्सला आले. इथे त्यांना कासा गुइदी या वाड्यात भाड्याची जागा मिळाली. १८४८ मध्ये त्यांनी ती बिनफर्निचरची घेतली, कारण तशी स्वस्त पडायची. हळूहळू सामान जमवलं. स्वतः बाहेर गेलं की सजवलेलं घर दुसऱ्याला भाड्याने देता येणार होतं. रॉबर्टची कमाई जेमतेम होती, घर चालायचं ते मुख्यतः एलिझाबेथच्या स्वतःच्या पैशांवर. त्यामुळे असे हिशोब गरजेचे होते.

ऋतू बदलला की गाव बदलायचं

उन्हाळ्यात फ्लोरेन्स तापायचं. मग बान्यी दि लुक्काच्या डोंगरात किंवा सिएनाजवळ मुक्काम. थंडीत पुढे पुढे रोम. प्रत्येक बेत जमायचाच असं नाही. १८४८ च्या उन्हाळ्यात गारव्यासाठी ते एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फानोला गेले, तर तिथे फ्लोरेन्सपेक्षा जास्त उकाडा! पुढे अंकोना या बंदरावर मुक्काम केला. पण फानोच्या चर्चमधलं ग्वेर्चिनोचं चित्र रॉबर्टच्या मनात राहिलं आणि त्यावर त्याने कविता लिहिली.

या भटकंतीत एलिझाबेथने काय केलं?

पिसात असताना तिने पळून आलेल्या गुलाम स्त्रीवरची कविता पूर्ण केली. ज्या पैशावर ती वाढली, त्याच्याच मुळाशी असलेली ही गोष्ट होती. काही गर्भपातांनंतर मार्च १८४९ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी तिला मुलगा झाला. त्याच उन्हाळ्यात बान्यी दि लुक्कामध्ये तिने रॉबर्टला लग्नाआधी त्याच्यावर लिहिलेली सुनीतं पहिल्यांदा दाखवली. आज ती याच सुनीतांसाठी सर्वाधिक ओळखली जाते. १८५० मध्ये इंग्लंडच्या राजकवी पदासाठी एका नियतकालिकाने तिचं नाव सुचवलं. ते पद टेनिसनला मिळालं.

तिची ‘ऑरोरा ली’ ही पद्य कादंबरी फ्लोरेन्स, पॅरिस, लंडन आणि आइल ऑफ वाइट बेटावरच्या मुक्कामांत आकाराला आली. १८५६ च्या अखेरीस ती प्रसिद्ध झाली. नायिका आहे लेखणीवर पोट भरणारी एक स्त्री.

किंमत काय मोजली?

वडिलांनी तिला संपत्तीतून बेदखल केलं. पण तिला जास्त लागलं ते दुसरंच. ती वडिलांना सतत पत्रं लिहीत होती. १८५१ मध्ये दोघं मुलाला घेऊन लंडनला आले, तेव्हा रॉबर्टने सासऱ्यांना पत्र पाठवलं. उत्तरासोबत एक गठ्ठा आला. त्यात एलिझाबेथची आतापर्यंतची सगळी पत्रं होती. एकाचंही सील फोडलेलं नव्हतं.

एप्रिल १८५७ मध्ये वडील गेले. शेवटपर्यंत त्यांनी तिला माफ केलं नाही, नातवालाही जवळ केलं नाही.

शेवटचा मुक्काम

१८५८ च्या उन्हाळ्यात समुद्राची हवा मिळावी म्हणून ती पुन्हा ल हाव्रला गेली. १२ वर्षांपूर्वी घर सोडल्यावर ती याच बंदरावर उतरली होती. पण तब्येत उतरतच गेली. २९ जून १८६१ ला कासा गुइदीमध्ये, रॉबर्टच्या मिठीत तिने प्राण सोडला. वय ५५. तिचं दफन फ्लोरेन्समध्येच झालं. इटलीच्या एकीकरणाच्या बाजूने लिहिणाऱ्या या परदेशी कवयित्रीच्या नावाची पाटी शहराने तिच्या घरावर लावली.

रॉबर्ट मुलाला घेऊन लंडनला परतला. पुढे तो इटलीला अनेकदा आला, १८८९ मध्ये त्याचा मृत्यूही व्हेनिसमध्ये झाला. फ्लोरेन्समध्ये मात्र त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

ज्या बाईला लंडनचा एक हिवाळा झेपेल की नाही याची डॉक्टरांना शंका होती, ती त्यानंतर जवळपास १५ वर्षं जगली, आई झाली आणि आपलं सर्वांत मोठं पुस्तक लिहून गेली.