विश्लेषण : काम गेले आणि सॅक्सोफोन गाजला… जॉन कोल्ट्रेन यांची शेवटची दहा वर्षे का महत्त्वाची?

अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचे २०२६ हे जन्मशताब्दी वर्ष. त्यांना आयुष्य लाभले ४० वर्षांचे. ज्या कामासाठी जग त्यांना ओळखते, ते बहुतेक शेवटच्या दहा वर्षांतले. त्याची सुरुवात मात्र हकालपट्टीने झाली.

सुरुवातीचा काळ कसा होता?

कोल्ट्रेन यांचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील हॅम्लेट येथे झाला. वडील शिंपीकाम करत आणि हौसेने वाद्ये वाजवत. कोल्ट्रेन १२ वर्षांचे असताना काही महिन्यांच्या अंतराने वडील आणि आजी-आजोबा गेले. १९४३ मध्ये ते फिलाडेल्फियाला आले. नौदलातून परतल्यावर त्यांनी डिझी गिलेस्पी यांच्यासह अनेकांच्या बँडमध्ये साथ केली, पण नाव झाले नाही.

हकालपट्टी कशामुळे?

१९५५ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी त्यांना आपल्या बँडमध्ये घेतले. मात्र हेरॉइन आणि दारूच्या व्यसनामुळे १९५७ मध्ये त्यांना काढून टाकले. त्याच वर्षी कोल्ट्रेन यांनी दोन्ही व्यसने सोडली. पुढे पियानोवादक थेलोनियस मंक यांच्यासोबत न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये त्यांचे वादन गाजले. डेव्हिस यांनीही त्यांना परत बोलावले. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या गाजलेल्या अल्बममध्ये कोल्ट्रेन यांचा सॅक्सोफोन आहे.

त्यांच्या वादनात वेगळे काय?

‘जायंट स्टेप्स’मध्ये सुरावटीखालचे कॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतात, की कसलेल्या वादकाचीही दमछाक व्हावी. नंतर ते उलट दिशेने गेले. एकाच स्वरसमूहावर बराच वेळ थांबून तो फुलवू लागले. रागविस्तार ऐकणाऱ्या आपल्या कानांना ही पद्धत परकी वाटत नाही.

भारताशी नाते कोणते?

पं. रविशंकर यांचे सतारवादन ते आवडीने ऐकत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबमध्ये त्यांनी ‘इंडिया’ ही रचना वाजवली. पुढे दोघांची भेट झाली. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. तोही सॅक्सोफोनवादक झाला.

सर्वांत मोठे काम कोणते?

१९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथील चर्चमधील बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुलींचा बळी गेला. त्यानंतर कोल्ट्रेन यांनी ‘अलाबामा’ ही शोकमग्न रचना केली. ९ डिसेंबर १९६४ रोजी ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची रचना एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. व्यसनातून सुटका झाली ती ईश्वरकृपेने, अशी त्यांची श्रद्धा होती. ही रचना त्याच कृतज्ञतेतून आली.

अखेर कशी झाली?

यकृताच्या कर्करोगाने १७ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. २००७ मध्ये त्यांना मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान मिळाला. १९५७ मध्ये ते व्यसनातून बाहेर पडले नसते, तर कोल्ट्रेन हे नाव आज जुन्या तबकड्यांवरील साथीदारांच्या यादीतच राहिले असते.