रंगवलेला पडदा आणि खरं दार



स्मरणिकेसाठी ‘शाळेत भेटलेला मोठा माणूस’ हा विषय संपादक मंडळाने कळवला, तेव्हा मला बाबूराव पेंटर आठवले. ते आपल्या जन्माआधीच, १९५४ साली वारले होते. तरी मला ते शाळेतच भेटले. दहावीला गॅदरिंगच्या नाटकाचं नेपथ्य माझ्याकडे होतं. रोज शाळा सुटल्यावर आम्ही सरसात रंग कालवत बसायचो आणि चित्रकलेचे सर बाबूरावांची गोष्ट थोडी थोडी पुढे न्यायचे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी आपल्याच कोल्हापुरात झाला. आडनाव मेस्त्री. कलाशाळेत न जाता ते चित्रकला आणि शिल्पकला शिकले. नात्यातले बंधू आनंदराव आणि ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. संगीत नाटकांचा तो बहराचा काळ. राजवाडा, रस्ता, जंगल, सगळं कापडावर उभं करायचं. १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत या दोघांचं नाव एवढं झालं, की ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव होऊन बसलं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा. तो आपणच बनवायचा, असं त्यांनी ठरवलं. खटपट सुरू असतानाच, १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने त्यांनी कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

सर इथे थांबले आणि त्यांनी माझ्या कामाकडे बोट दाखवलं. आपल्या नाटकात वाड्याचा सोपा होता. मी बांबूच्या चौकटीवर मांजरपाट ताणून त्यावर दार रंगवलं होतं. कड्या, कोयंडे, सगळं. सर म्हणाले, की ज्या माणसाचा हात पडदे रंगवण्यात सगळ्यात तयार होता, त्यानेच सिनेमातून रंगवलेले पडदे काढून भरीव सेट उभे केले. माणसाला आत शिरता येईल, भिंतीला टेकता येईल, असे. ‘सिंहगड’मध्ये तर त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरून चित्रीकरण केलं. पात्रांचे पोशाख आणि प्रसंग ते आधी कागदावर काढत, जाहिरातीची पोस्टरंही स्वतः रंगवत. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर या मंडळींनी १९२९ साली ‘प्रभात’ काढली. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी नंतरही काही चित्रपट केले, पण मुख्यतः ते आपल्या कुंचल्याकडे आणि शिल्पाकडे परतले. त्यांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत.

सरांचं ऐकून मी रंगवलेलं दार काढलं. खरं दार आणलं ते आपल्या वर्गातल्या एका मित्राने, वडिलांच्या सुतारकीच्या दुकानातून. पाखं, बिजागऱ्या, ठोकाठोक सगळी त्याची. प्रयोगाच्या दिवशी चौकटीचा एक पाय हलू लागला. शेवटचा पूर्ण अंक तो मागे अंधारात चौकट धरून उभा राहिला. पडदा पडल्यावर नेपथ्याचं बक्षीस पुकारलं. मी एकटाच पुढे गेलो. त्याचं नाव घ्यायचं मला सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे सुचलं होतं.

खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून जाताना मला दरवेळी आनंदराव आठवतात. कॅमेरा तयार झालेला त्यांना पाहता आला नाही. पण बाबूरावांची गोष्ट कोल्हापुरात कोणीही सांगो, आनंदरावांना वगळून ती कधी पुरी होत नाही. माझी गोष्ट मात्र मी एवढी वर्षं अर्धीच सांगितली.

मित्रा, तू हे वाचशीलच. ते पितळी पदक अजून माझ्या कपाटात आहे. मेळाव्याला येताना ते घेऊन येतोय. या वेळी स्टेजवर तू पुढे हो, मी मागे उभा राहतो.