पंडिता रमाबाई : मग त्यांचं कोण होतं?



पंडिता रमाबाईंवर निबंध लिहून घ्यायचा म्हटलं की फळ्यावर ठरलेले मुद्दे उतरतात. जन्म २३ एप्रिल १८५८, संस्कृत विदुषी, शारदा सदन, मुक्ती मिशन, मृत्यू ५ एप्रिल १९२२. देगलूरच्या माझ्या वर्गात मीही असंच लिहून दिलं होतं. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की आईवडील गेले, भाऊ गेला, नवराही गेला, मग त्यांचं कोण होतं? त्या मुलीचे स्वतःचे वडील नुकतेच वारले होते. मी काहीतरी बोलून पुढच्या मुद्द्याकडे वळले. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे लिहितेय.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला आणि सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात घर केलं. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत फिरू लागलं. लहानग्या रमेने आईकडून हजारो श्लोक पाठ केले. मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. होतं नव्हतं ते संपलं, झाडपाला खाण्याची वेळ आली. आधी वडील गेले. थोड्याच दिवसांत रायचूरला आईही गेली. रायचूर तेव्हा आपल्या देगलूरसारखंच निजामाच्या राज्यात होतं, हे मुलांना नकाशावर जरूर दाखवा. स्मशान तीन मैल लांब. मदतीला कोणी येईना, कसेबसे दोघे जण मिळाले. तिरडीचा चौथा खांदा रमेचा. पण उंची कमी पडली, म्हणून तिने आपला भार डोक्यावर घेतला. पाठोपाठ मोठी बहीण कॉलऱ्याने गेली.

उरली दोघं भावंडं. ती पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. हा भाग आपण वर्गात रंगवून सांगतो. पण इतकी व्रतं, इतके उपास करूनही घरदार उपाशी मेलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. जुन्या श्रद्धेचा आधार सुटत चालला होता. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केलं. सिल्चरच्या त्या घरात त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि त्या ते वाचू लागल्या. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्याने गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या, मुलगी मनोरमा दहा महिन्यांची.

इथून पुढचं सांगताना आपण बहुतेक जण पान उलटतो. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं, उगाच कशाला? पण ते गाळलं तर त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेजच्या जोगिणींकडे राहिल्या. समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी त्या जोगिणी लंडनजवळ काम करत. ते पाहून रमाबाई हलल्या. अशा बायकांना कोणी मायेने जवळ घेतं, हेच त्यांना नवं होतं. तिथे त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट भेटली. भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली, लोकांनी नावं ठेवलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी बरोबरीने बोलणारा येशू. दुपारी एकटीने पाण्याला येणारी बाई आपल्या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

पण दुःख तिथे थांबलं नाही. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली होती. आणि रमाबाईंनी नवा धर्म घेतला तरी आपली बुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही. पटत नसेल ते त्या जोगिणींना पत्रांतून सरळ कळवत, वाद घालत. शाकाहार सोडला नाही. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असंही विचारलं. तिकडचे लोक म्हणत फार हट्टी आहे, इकडचे म्हणत धर्म बुडवला. म्हणजे एकटेपण होतं तसंच राहिलं. मनाला खरी शांती मिळायला आणखी सात-आठ वर्षं लागली, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. देव मला माझ्यासकट स्वीकारतो, हा विश्वास त्यांच्यात सावकाश रुजला. दुःखातल्या मुलाला लवकर सावर म्हणून घाई करणाऱ्या आपण मोठ्यांनी ही सात-आठ वर्षं ध्यानात ठेवावीत.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलं, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही अंग काढून घेतलं आणि कित्येक पालकांनी मुली घरी नेल्या. त्या पालकांची धास्ती मला अगदीच खोटी वाटत नाही. पण बाईंवर काय गुजरलं असेल, तेही पाहा.

१८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास बायका-मुलींना घेऊन आल्या. उपाशी मुलीचे डोळे कसे दिसतात, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे शाळा, शेती, विणकाम, छापखाना. मनोरमा ब्रेल शिकून आली आणि अंध मुलींना शिकवू लागली.

रमाबाईंना उतारवयात ऐकू कमी येई. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं होतं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आता रक्ताचं कोणीच उरलं नाही. त्यांनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. नऊ महिन्यांनी त्याही गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवले होते मुक्तीतल्याच बायका-मुलींनी.

पुढच्या आठवड्यात मी हे सगळं वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने तिरडीचा प्रसंग मला पुन्हा एकदा सांगायला लावला.