विश्लेषण : ऑनलाइन गेममधील टँक, हीलर आणि ‘पार्टी’ आली कुठून? गॅरी गायगॅक्स कोण होते?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांना चार-पाच अनोळखी भिडू जमवून मोहिमेवर जाणे नवे नाही. एक जण ढाल घेऊन पुढे उभा राहतो, दुसरा सगळ्यांच्या जखमा भरून काढतो, बाकीचे हल्ला चढवतात आणि शेवटी मिळालेली लूट वाटून घेतली जाते. गेमच्या भाषेत या जथ्याला ‘पार्टी’ म्हणतात. ही रचना कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीत जन्मली नाही. तिचा कागदी आराखडा १९७४ मध्ये अमेरिकेतील एका छोट्या गावातून बाहेर पडला. तो छापणाऱ्या माणसाची नोकरी गेली होती आणि घर चालवण्यासाठी तो तळघरात बूट दुरुस्त करत असे. गॅरी गायगॅक्स हे त्यांचे नाव. एकत्र कसे खेळायचे आणि मिळालेले कसे वाटायचे याचे नियम त्यांनी जगापुढे ठेवले. त्यांची स्वतःची टीम मात्र नेमकी वाटपावरूनच फुटली.

गॅरी गायगॅक्स कोण होते?

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागो येथे झाला. त्यांचे वडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेले व्हायोलिनवादक होते. गॅरी आठ वर्षांचे असताना हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी राहायला गेले. पुढे आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी याच गावात काढला. शाळेचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. लग्न लवकर झाले, पाच मुले झाली. पोटापाण्यासाठी त्यांनी शिकागोतील एका विमा कंपनीत अंडररायटरची नोकरी धरली. एखाद्या घटनेची शक्यता किती आणि तिची किंमत किती, हे आकड्यांत मांडणे हे त्यांचे रोजचे काम होते.

नोकरीबाहेरचा सगळा वेळ युद्धखेळांसाठी असे. टेबलावर नकाशा किंवा मातीची रचना मांडायची, चिमुकले सैनिक उभे करायचे आणि फाशांच्या आधारे जुन्या लढाया पुन्हा लढायच्या, असा हा छंद होता. अशा खेळाडूंना एकत्र आणण्यासाठी १९६८ मध्ये गायगॅक्स यांनी लेक जिनिव्हातील हॉर्टिकल्चरल हॉल भाड्याने घेऊन एक मेळावा भरवला. ‘जेन कॉन’ या नावाने तो आजही दरवर्षी भरतो.

सैन्याऐवजी एकच पात्र, हा बदल कोणी केला?

याचे श्रेय एकट्या गायगॅक्स यांना देता येत नाही. १९६९ च्या जेन कॉनमध्ये त्यांची ओळख मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन या तरुणाशी झाली. आर्नेसन यांच्या मंडळींत एक वेगळाच प्रयोग सुरू होता. डेव्हिड वेस्ली यांनी एका युद्धखेळात प्रत्येक खेळाडूला अख्खे सैन्य न देता एकेक व्यक्तिरेखा दिली होती. आर्नेसन यांनी ही कल्पना पुढे नेली. ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक प्रदेशात त्यांनी आपल्या मित्रांना एका किल्ल्याखालच्या भुयारांत उतरवले. प्रत्येकाचे एक पात्र, ते पात्र एका खेळातून पुढच्या खेळात जाणार आणि अनुभवानुसार ताकदवान होत जाणार, अशी ही मांडणी होती.

दरम्यान, १९७१ मध्ये गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांच्या नियमांचे पुस्तक काढले होते. त्याच्या पुरवणीत ड्रॅगन आणि मांत्रिक होते. आर्नेसन यांनी सुरुवातीला लढतींसाठी हेच नियम वापरले. १९७२ च्या अखेरीस ते लेक जिनिव्हाला आले आणि त्यांनी गायगॅक्स यांना आपला खेळ खेळवून दाखवला. गायगॅक्स त्या खेळाने भारावून गेले. त्यांनी आर्नेसन यांच्याकडून टिपणे मागवली आणि ती टंकयंत्रावर विस्ताराने लिहून काढायला घेतली. नव्या नियमांची पहिली परीक्षा त्यांच्या स्वतःच्या मुलांनी घेतली.

हा खेळ बाजारात कसा आला?

विमा कंपनीतील नोकरी १९७० मध्येच गेली होती. छापण्यासाठी पैसे नव्हते. ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालपणीचे मित्र डॉन के यांनी ‘टॅक्टिकल स्टडीज रुल्स’ म्हणजेच टीएसआर ही भागीदारी स्थापन केली. थोड्याच काळात ब्रायन ब्लूम हे पैसे घेऊन तिसरे भागीदार झाले. आर्नेसन यांच्याकडे गुंतवायला पैसे नव्हते, त्यामुळे ते भागीदार झाले नाहीत. पुढच्या वादाचे बीज इथेच पडले.

जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर आणि एकूण १,००० प्रती. लेखक म्हणून गायगॅक्स आणि आर्नेसन अशी दोन्ही नावे छापलेली होती. जाहिरातीला फारसा पैसा नसतानाही वर्षभरात त्या प्रती संपल्या.

या नियमांत पार्टी जमवणे अपरिहार्य का होते?

यातच या खेळाची खरी मेख आहे. नियमांनी प्रत्येक पात्र मुद्दाम अपुरे ठेवले होते. मूळ खेळात तीन वर्ग होते. योद्ध्याला कोणतेही शस्त्र आणि चिलखत चाले, पण मंत्र येत नसत. मांत्रिकाला मंत्र येत, पण चिलखत घालता येत नसे, हातात फार तर खंजीर आणि सुरुवातीला मंत्रही एकच. तिसरा क्लेरिक म्हणजे लढाऊ पुरोहित. तो जखमा बऱ्या करू शके, पण धारदार शस्त्र त्याला वर्ज्य होते. १९७५ च्या पुरवणीत कुलपे आणि सापळे हाताळणारा चोर हा चौथा वर्ग आला.

क्लेरिकचा जन्मही गटातल्या असमतोलातूनच झाला. आर्नेसन यांच्या खेळात एका खेळाडूचे पात्र व्हॅम्पायर झाले आणि इतरांना डोईजड होऊ लागले. त्याला आवर घालण्यासाठी दुसऱ्या खेळाडूने पिशाच्चांशी लढणारा पुरोहित घेतला. ऑनलाइन गेममध्ये ज्याच्याविना मोहीम अडून राहते, त्या हीलरचा पूर्वज हाच.

कामाची वाटणी पात्रांपुरती नव्हती. खेळाडूंपैकी एक जण भुयाराचा नकाशा काढत असे, तर एक जण सगळ्यांचे ऐकून गटाचा निर्णय पंचाला सांगत असे. ऑनलाइन मोहिमांत हेडसेटवरून सूचना देणारा रेड लीडर ही त्याचीच पुढची पायरी म्हणता येईल. मिळालेला खजिना आणि अनुभवाचे गुण गटात वाटले जात. त्यामुळे दुसऱ्याला वाचवणे यात स्वतःचाही फायदा असे. चांगुलपणाच्या भरवशावर न राहता सहकार्य नियमांतच बसवलेले होते.

मग भागीदारांमध्ये फूट का पडली?

पहिला धक्का नियतीचा होता. जानेवारी १९७५ मध्ये डॉन के यांचे हृदयविकाराने निधन झाले. तेव्हा ते चाळिशीच्याही आत होते. त्यांच्या पत्नीकडे आलेला हिस्सा विकत घेण्याइतके पैसे गायगॅक्स यांच्याजवळ नव्हते. ब्लूम कुटुंबाने पैसे घातले आणि पुनर्रचना झालेल्या कंपनीत बहुमत त्यांच्याकडे गेले. कंपनीचा चेहरा गायगॅक्स राहिले, पण मतांची बेरीज त्यांच्या बाजूने नव्हती.

दुसरा तडा आर्नेसन यांच्याशी गेला. १९७६ मध्ये ते टीएसआरमध्ये नोकरीला आले आणि वर्षाच्या आतच बाहेर पडले. १९७७ पासून कंपनीने ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही नवी पुस्तके काढली. त्यांवर लेखक म्हणून फक्त गायगॅक्स यांचे नाव होते. हा वेगळा खेळ असल्याने मूळ कराराप्रमाणे आर्नेसन यांना त्यावर मानधन लागू होत नाही, अशी कंपनीची भूमिका होती. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. लूट वाटण्याचा नियम खेळात स्पष्ट होता. कंपनीत मात्र कोणत्या लुटीला तो लागू, यावरच वाद झाला.

गायगॅक्स स्वतःच्याच कंपनीतून बाहेर कसे पडले?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा खेळ अमेरिकेत घरोघरी पोहोचला. त्याच काळात तो मुलांना सैतानपूजेकडे नेतो, अशी ओरडही झाली आणि गायगॅक्स यांना टीव्हीवर बाजू मांडावी लागली. १९८३ मध्ये सीबीएस वाहिनीवर खेळाची कार्टून मालिका सुरू झाली आणि गायगॅक्स यांचा मुक्काम हॉलीवूडमध्ये होता. इकडे लेक जिनिव्हात कंपनी कर्जात रुतत चालली होती.

ते परतले, काही काळ सूत्रेही त्यांच्या हाती आली. कारभार सांभाळण्यासाठी त्यांनीच लोरेन विल्यम्स यांना आणले. ऑक्टोबर १९८५ मध्ये ब्लूम कुटुंबाचे समभाग विल्यम्स यांनी विकत घेतले आणि गायगॅक्स यांना अध्यक्षपदावरून दूर व्हावे लागले. न्यायालयातही त्यांच्या पदरी अपयश आले. १९८६ च्या अखेरीस त्यांचा टीएसआरशी संबंध संपला. पुढे १९९२ मध्ये त्यांनी ‘डेंजरस जर्नीज’ हा नवा खेळ आणला, तेव्हा टीएसआरने त्यांच्यावरच दावा ठोकला. तडजोडीत त्या खेळाचे हक्कही कंपनीकडे गेले. १९९७ मध्ये टीएसआर स्वतःच ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीला विकली गेली.

कागदावरची पार्टी संगणकावर कशी पोहोचली?

माणसे भांडत असताना नियम मात्र पुढे जात होते. १९७५ पासूनच अमेरिकेतील विद्यापीठांत ‘प्लेटो’ या संगणक प्रणालीवर विद्यार्थी या खेळाच्या नकला लिहू लागले होते. १९७७ च्या ‘ऊब्लिएट’ या गेममध्ये वेगवेगळ्या टर्मिनलवर बसलेले खेळाडू गट करून भुयारात उतरू शकत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या सुमारास ‘डिकूमड’ हा मजकुरावर चालणारा ऑनलाइन गेम लिहिला. त्यातले वर्ग होते योद्धा, मांत्रिक, क्लेरिक आणि चोर. १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ याच परंपरेतून आला आणि त्याचा ठसा २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’वर उमटला.

एक फरक मात्र पडला. टेबलावर राक्षस कोणावर झडप घालणार हे पंच ठरवत असे. संगणकाला त्यासाठी हिशेब हवा होता. म्हणून कोणत्या खेळाडूवर राक्षसाचा राग किती, याची आकडेवारी गेम ठेवू लागला. तो राग स्वतःवर ओढून घेणारा तो टँक, त्याला जिवंत ठेवणारा तो हीलर आणि नुकसान करणारे ते डीपीएस अशी त्रयी त्यातून पक्की झाली. ती गायगॅक्स यांच्या पुस्तिकांत या रूपात नव्हती, पण त्यांच्या अपुऱ्या पात्रांशिवाय ती सुचलीही नसती.

वाटपाचा प्रश्न इथेही आलाच. चाळीस जणांनी मिळून ड्रॅगन मारला आणि तलवार एकच निघाली, तर ती कोणाची? एव्हरक्वेस्टमधील खेळाडूंच्या गटांनी त्यासाठी ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ ही पद्धत काढली. मोहिमेला हजर राहा, गुण कमवा आणि ते खर्चून वस्तू घ्या. हिशेब आधी ठरलेला आणि सगळ्यांना दिसणारा असला की गट टिकतो, हा धडा गिल्डनी अनुभवातून घेतला.

गायगॅक्स यांना ऑनलाइन गेम आवडत होते का?

फारसे नाही. एका टेबलाभोवती बसून, एकमेकांचे चेहरे पाहत रंगवलेल्या खेळाची सर पडद्याला येत नाही, असे त्यांचे मत होते. २००४ मध्ये पक्षाघाताचे झटके येऊन गेल्यावरही ते घरी खेळ रंगवत. जानेवारी २००८ पर्यंत दर आठवड्याला त्यांच्याकडे मंडळी जमत होती. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हातील राहत्या घरी, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात आलेली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची सुधारित आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली.

तरीही एका ऑनलाइन गेममध्ये ते कायमचे राहिले आहेत. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’मधील डेलेराच्या थडग्याच्या मोहिमेला निवेदकाचा आवाज गायगॅक्स यांचा आहे. त्याच गेममधील थ्रेनल अवशेषांच्या मोहिमेला आवाज दिला आहे डेव्ह आर्नेसन यांनी. आर्नेसन यांचे निधन एप्रिल २००९ मध्ये झाले. मानधनावरून न्यायालयात समोरासमोर उभे राहिलेले हे दोन भिडू तिथे एकाच जगाची गोष्ट सांगतात. डेलेराच्या दफनभूमीत गायगॅक्स यांचे छोटे स्मारकही उभारण्यात आले. तिथली पूर्ण पार्टी सहा जणांची असते. त्यातला हीलर आधी शोधावा लागतो आणि लुटीचे वाटप कसे होणार, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असते.