व्यायामाचा तास आणि स्वामी कुवलयानंद

आपल्या मुळशीच्या डोंगररांगेपलीकडे, मावळात, लोणावळ्याला कैवल्यधाम नावाची संस्था आहे. आपल्यापैकी अनेकजण तिच्या फाटकावरून गेले असतील. काहीजण पाठदुखीसाठी तिथे राहूनही आले असतील. शाळा-कॉलेजात व्यायामाचा तास असावा आणि त्यात योगासने असावीत, हे आज आपल्याला स्वाभाविक वाटते. ते स्वाभाविक व्हावे म्हणून ज्यांनी आयुष्य घातले, ते स्वामी कुवलयानंद याच संस्थेचे संस्थापक. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र थोडक्यात मांडते आहे.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदा संस्थानातल्या डभोई गावी झाला. वडील शिक्षक होते आणि घरची परिस्थिती अगदी बेताची होती. शिक्षण बरेचसे लोकांच्या मदतीवर झाले. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि त्या बळावर ते बडोदा कॉलेजात गेले. तेव्हा त्या कॉलेजात अरविंद घोष शिकवत होते आणि महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांचे वारे होते. देशासाठी काहीतरी करायचे आणि त्यासाठी अविवाहित राहायचे, असे या तरुणाने त्याच वयात ठरवले.

पण हे काहीतरी म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्यांना सापडले ते आखाड्यात. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांची जुम्मादादा व्यायामशाळा होती. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्यांनी तिथे भारतीय व्यायामाचे शिक्षण घेतले. जोर-बैठका, लाठी, मलखांब हे तर होतेच. पण माणिकरावांचा भर संघव्यायामावर होता. एकाच वेळी, एकाच तालावर, मैदानभर मुलांकडून व्यायाम करून घ्यायचा. पहिलवान एखादाच घडतो, संघव्यायामात मात्र सगळ्यांना जागा असते. ही गोष्ट गुणे यांच्या मनात पक्की बसली. १९१० मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे शिक्षक म्हणून खानदेशात, अमळनेरला गेले. तिथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. असहकाराच्या काळातले ते कॉलेज सरकारला खुपत होते आणि १९२३ मध्ये ते बंद पडले.

दरम्यान १९१९ साली नर्मदाकाठी मालसर येथे त्यांची परमहंस माधवदास यांच्याशी भेट झाली. माधवदास हे वृद्ध योगी. त्यांच्याकडे गुणे योग शिकले आणि शिकताना त्यांना प्रश्न पडू लागले. आसनांनी, बंधांनी शरीरात काय होते याबद्दल ग्रंथांत लिहिलेले होते, गुरू सांगत होते, स्वतःला अनुभवही येत होता. पण शरीराच्या आत खरोखर काय घडते, हे कोणी पाहिले होते? १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरण तपासणी करवून घेतली. पुढे दाब मोजण्याची साधने वापरून त्यांनी दाखवले की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी आपोआप आत खेचले जाते. आत निर्माण होणाऱ्या या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

योगाला सिद्ध करायला ते प्रयोगशाळेत गेले, असे सरसकट म्हटले जाते. मला ते पूर्ण पटत नाही. प्रयोग करणाऱ्याला उलट उत्तर ऐकायची तयारी ठेवावी लागते आणि ती त्यांच्याकडे होती. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळतो, अशी समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. त्यांनी मोजून पाहिले, तसे आढळले नाही, आणि त्यांनी ते छापले. प्राणायामाचा उपयोग त्यांच्या मते वेगळ्या कारणाने होता, ऑक्सिजनसाठी नव्हे. स्वतःच्या श्रद्धेच्या विषयात असे लिहायला धैर्य लागते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये, दसऱ्याच्या मुहूर्तावर, त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले आणि त्याबरोबरच 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. त्यांचे वय तेव्हा एकेचाळीस होते. माझ्या वर्गमित्रांनो, म्हणजे साधारण आपल्याच वयाचे! नोकरीचे कॉलेज बंद पडलेले, हाताशी पैसा नाही, आणि विषय असा की डॉक्टर त्याला भोंदूगिरी समजत आणि साधू त्याची चिकित्सा करणे पाप मानत. आपल्या खोऱ्यातला मुळशीचा सत्याग्रह त्याच वर्षी, तीन वर्षांच्या लढ्यानंतर संपला होता. सेनापती बापट आणि आपले मावळे जमिनीसाठी लढत होते, तेव्हा डोंगरापलीकडे या माणसाने अगदी निराळे काम हाती घेतले होते.

'योगमीमांसे'त शास्त्रीय प्रयोगांबरोबर सामान्य वाचकासाठी वेगळा भाग असे. आसनांवरच्या पुस्तकात त्यांनी सरासरी प्रकृतीच्या माणसासाठी एक पूर्ण आणि एक छोटा असे दोन अभ्यासक्रम आखून दिले. भुजंगासन, शलभासन, धनुरासन, हलासन, सर्वांगासन, अर्धमत्स्येंद्रासन, पश्चिमोत्तानासन: आज कुठल्याही शिबिरात हीच नावे ऐकू येतात. सरासरी प्रकृतीचा माणूस हा शब्दप्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. आखाडा बलवानांचा होता, योग संन्याशांचा होता. यांनी मधल्या माणसाचा विचार केला.

कॉलेजात आणि शाळेत तो मधला माणूस म्हणजे रांगेत शेवटी उभा राहणारा विद्यार्थी. पीटीच्या तासाला कबड्डीच्या संघात ज्याला कोणी घेत नाही, तो. त्याच्यासाठी त्यांनी माणिकरावांकडून शिकलेला संघव्यायाम आणि माधवदासांकडून शिकलेला योग एकत्र आणला. १९३६ मध्ये निघालेले 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक याच कामाचे. आसनांचे टप्पे पाडून, आकड्यांच्या तालावर, वर्गातल्या सगळ्यांकडून एकाच वेळी ती करून घ्यायची पद्धत त्यात आहे. महागडी साधने नकोत, मोठे मैदान नको. आपल्या डोंगराळ तालुक्यातल्या, एका छोट्या पटांगणाच्या शाळेतही ते जमावे असे. कवायतीसारख्या हुकमांवर योग करणे काहींना खटकते, आणि त्यात तथ्यही आहे. पण एका शिक्षकासमोर साठ मुले असतील तर दुसरा मार्ग कोणता, हे त्यांना ठाऊक होते.

मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आल्यावर या कामाला जोर आला आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. चांगला तास हवा असेल तर आधी शिकलेला शिक्षक हवा, ही त्यामागची साधी गोष्ट. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास, त्यांनी लोणावळ्यातच गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाचे योग महाविद्यालय उभे केले. तिथून बाहेर पडलेले शिक्षक गावोगाव पोचले. आपल्याला हातावर हात ठेवून शवासन शिकवणाऱ्या एखाद्या सरांचे शिक्षक, किंवा त्यांचेही शिक्षक, तिथलेच असण्याची शक्यता आहे.

गांधीजींनी प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता. येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनान १९३० च्या दशकात त्यांच्याकडे शिकायला आले. १९३६ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ आरोग्यकेंद्र सुरू झाले, पुढे लोणावळ्यात रुग्णालयही झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज आपल्या तालुक्याचे रूप बदलले आहे. लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठ आहे, हिंजवडीत दिवसभर खुर्चीला खिळलेली आमची जमात आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात योग आणि क्रीडा यांना आता श्रेयांक मिळतात, ही चांगली गोष्ट. पण श्रेयांक हजेरीवर मिळाला तर स्वामीजींचे अर्धेच काम पुढे गेले असे होईल. त्यांनी आयुष्यभर विचारलेला प्रश्न असा होता: व्यायामाने शरीरात काय बदलले? आपल्यापैकी जे आज शाळा-कॉलेजात शिकवतात त्यांना एक विनंती. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाची विश्रांतीतली नाडी, वाकून बोटे कुठवर पोचतात ते अंतर, आणि एक जिना चढल्यावर नाडी पूर्ववत व्हायला लागणारा वेळ वहीत लिहून घ्या. सत्र संपताना पुन्हा मोजा. खर्च एका वहीचा आणि घड्याळाचा. मुलांची एकमेकांशी तुलना करायची गरज नाही; प्रत्येकाने आपले आधीचे आकडे पाहावेत. शेवटच्या रांगेतल्या मुलाला स्वतःच्या वहीत सुधारणा दिसली, तर तो पुढच्या वर्षी कोणी न सांगताही मैदानावर येईल.