केडगावची आई

मैत्रिणींनो, दौंडजवळचं केडगाव स्टेशन आलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. जन्म १८५८चा. आई-वडील दुष्काळात गेले, तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. पोरकेपण त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. धर्मांतरावरून पुढे पुष्कळ टीका झाली. पण १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली केडगावला आणल्या त्यांनीच! परदेशातल्या ख्रिस्ती मंडळींकडून पैसा यायचा. त्यातून नुसतं जेवण नाही, तर शाळा, शेती, विणकाम, छापखानाही उभा राहिला. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, त्यांचं मुक्ती मिशन आजही आहे. देणगी देऊन आपण मोकळ्या होतो हो. पण पोरक्या लेकराला रोज जवळ घेणारं माणूसही लागतं ना?