विश्लेषण : आकाशवाणीची धून देणारे वॉल्टर कॉफमन कोण होते?

अंबरनाथ-बदलापूरहून पहाटेची लोकल गाठायची म्हणून ज्या घरांत अंधारातच चूल पेटायची, तिथे आकाशवाणीची धून हेच घड्याळ होते. तानपुऱ्याच्या सुरावर व्हायोलिनने छेडलेली ती धून कुणा भारतीयाची असणार, असेच बहुतेकांना वाटे. तिचे श्रेय मात्र वॉल्टर कॉफमन या ज्यू निर्वासिताला दिले जाते.

मुंबईतच का आले?

कॉफमन यांचा जन्म 1907 चा, कार्ल्सबाडचा. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. बर्लिनमध्ये ते संगीतरचना शिकले आणि प्रागमध्ये संगीतशास्त्र. प्रबंध पूर्ण झाला होता, पण आपले मार्गदर्शक नात्झींच्या तरुण गटाचे स्थानिक पुढारी असल्याचे कळताच त्यांनी पदवी घेण्यास नकार दिला. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. 1934 मध्ये कॉफमन यांनी मुंबई गाठली. त्यामागे भारतीय संगीताची ओढ नव्हती. व्हिसा सहज मिळत होता, हे कारण साधे असले तरी जीव वाचवायला पुरेसे होते. फाळणीनंतर लष्करी छावणीत संसार मांडलेल्या उल्हासनगरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

भारतीय संगीत त्यांना आवडले का?

सुरुवातीला मुळीच नाही. भारतीय संगीताच्या तबकड्या त्यांना परक्या आणि अनाकलनीय वाटल्या. पण लाखो लोक ज्यात रमतात ते आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्याच कानात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि शिकायला बसले. त्या काळी इथे आलेल्या किती युरोपीयांना हे सुचले असेल?

मुंबईत त्यांनी काय उभे केले?

आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल होई. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एदिजिओ व्हेर्गा. मे 1937 पर्यंत अशा 136 मैफली झाल्या. तीन वर्षांत एवढ्या मैफली म्हणजे पाश्चात्त्य संगीताचा श्रोता मुंबईत होता आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे पुत्र झुबिन पुढे जगभरच्या महोत्सवांत वाद्यवृंदांचे संचालन करू लागले. त्यांच्या घराण्यातल्या या पहिल्या पायरीशी कॉफमन यांची गाठ आहे.

1937 ते 1946 या काळात कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळत होते. धून मात्र 1936 ची मानली जाते. ती शिवरंजनी रागाच्या अंगाने जाते आणि तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहतांचे, असे सांगतात. मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठीही कॉफमन यांनी संगीत दिले, ‘अनसूया’ हा नभोवाणीसाठीचा ऑपेरा लिहिला.

नंतर काय झाले?

1946 मध्ये त्यांनी भारत सोडला. इंग्लंडमार्गे ते कॅनडात पोहोचले आणि विनिपेग सिम्फनीचे पहिले संचालक झाले. तिथे त्यांनी दहा वर्षे काढली. अखेरचा मुक्काम अमेरिकेतले इंडियाना विद्यापीठ. उत्तर भारतीय रागांवरचा त्यांचा ग्रंथ 1968 मध्ये आला, दक्षिणेचा 1976 मध्ये. एकेकाळी जे संगीत कळेना, त्याच्या शेकडो रागांची नोंद त्यांनी स्वरलिपीत केली. 1984 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या स्वतःच्या रचनांची आबाळ झाली. बऱ्याचशा हस्तलिखितातच राहिल्या. टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बलने 2020 मध्ये त्यातल्या काही ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. आकाशवाणीची धून मात्र तोवर कितीतरी पिढ्यांच्या कानांवर पडून गेली होती.